करंगळी डॉक्टरांची

परवा भाचीच्या लग्नाच्या निमित्ताने मी ब्यूटी पार्लरची पायरी चढले. तिथल्या चुणचुणीत मुलीने माझी नऊ नखं डाळिंबी रंगाने सजवली आणि दहाव्यावर कुंचला टेकवणार, तोच मी हात मागे ओढला.

"मॅडम, एक राहिलं."

"राहू दे. ते माझं नाही."

"मग कोणाचं?"

"डॉक्टरांचं."

मुलीने आरशातून माझ्या भाचीकडे पाहिलं. भाचीने 'मावशी अशीच आहे, मनावर घेऊ नकोस' अशा अर्थाची मान हलवली. मला मात्र गुदगुल्या झाल्या. गोष्ट सांगायची असली की ऐकणाऱ्याला आधी थोडं गोंधळात टाकायचं, ही माझी जुनी खोड. पण त्या मुलीला वेळ नव्हता, बाहेर वरमाई खोळंबली होती. तेव्हा आता तुम्हीच ऐका.

ऐंशीच्या दशकातली हकिकत. मी नुकतीच बी.एड. होऊन कोल्हापूरहून निघाले होते. एस.टी.ने फोंडाघाट उतरताना पोटातलं सगळं घाटाच्या हवाली केलं आणि रिकाम्या पोटी, एका ट्रंकेसह, कुडाळहून मालवणला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात हायस्कूलची बाई म्हणून दाखल झाले. मुख्याध्यापक म्हणाले, "खोली डॉक्टरांकडे मिळेल. जाताना हात मात्र स्वच्छ धुऊन जा." मला वाटलं, सोवळ्याओवळ्याचं घर असेल.

डॉक्टरांचा दवाखाना घराच्या पुढच्या पडवीत होता. त्याच्या दाराला मध्यावर एक चौकोनी झरोका पाडलेला. पोस्टात तिकिटं विकायला असतो तसा. मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "हात."

"अहो, मी खोलीसाठी आले आहे. शाळेत नवीन..."

"हात आधी. तोंड मागाहून."

मी झरोक्यातून हात आत घातला. कोणीतरी तो धरला, उजेडाकडे वळवला, एकेक नख दाबून सोडलं. बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं माझ्याकडे, नवी म्हैस बाजारात कशी उभी राहते ते बघावं तशी बघत होती.

"नखां चावतात तुमी."

"लहानपणी चावायचे."

"हे पांढरे ठिपके. ह्यांका तुमच्याकडे काय म्हणतत?"

"नवे कपडे मिळणार म्हणतात."

"गावले?"

"नाही."

"गावाचे नाय. खंयतरी बोट आपटलाहा, इतक्याच. खोली घेवा. भाडा बायलेक इचारा."

झालं. मी त्या घरात राहायला गेले आणि डॉक्टरांचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं ते दुसऱ्या दिवशी. त्यांनी माझं कधी पाहिलं, हा प्रश्न मी पुढे बराच काळ अनुत्तरित ठेवला, कारण रस्त्यात समोरासमोर आलो तरी ते मला ओळखत नसत. मी नमस्कारासाठी हात जोडले की मात्र चेहरा उजळायचा. "अरे, बाई तुमी!"

डॉक्टर बुटके होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मान कायम खाली. चालताना जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधत असावेत असं वाटे. मुंबईला शिकलेले, तिथे मोठी नोकरी चालून आलेली, ती सोडून गावात आलेले. त्यांचा एकच सिद्धान्त होता आणि तो ते कोणालाही, अगदी मासे विकायला आलेल्या बाईलाही, ऐकवत. "तोंडाक खोटा बोलाची सवय आसता. माणूस मराक टेकलो तरी तोंड हसता. नखाक तोंडच नाय, ता खोटा खंयसून बोलतला?"

आणि मग नखांचं पुराण सुरू व्हायचं. अंगात रक्त कमी असलं की नख कसं फिकट पडतं, मग मधोमध खोल जाऊन चमच्यासारखं होतं. मूत्रपिंड थकलं की नख अर्धं पांढरं आणि अर्धं तपकिरी कसं दिसतं. छातीच्या जुन्या दुखण्यात ते पोपटाच्या चोचीसारखं कसं वाकतं. हृदय दुबळं पडून रक्ताला प्राणवायू पुरेना की कसं निळं पडतं. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस एखाद्या गायिकेबद्दल बोलतोय.

पण एक सांगायला हवं. नख बघून ते निकाल देत नसत. "नख म्हणजे दाराची कडी," ते म्हणत. "वाजली काय उठान दार उघडूचा. भायर कोण उभो आसा, ता उघडल्यार समाजतला." म्हणजे मग रक्त तपासा, लघवी तपासा, कुडाळला फोटो काढायला पाठवा. आणि कित्येकदा दार उघडल्यावर बाहेर कोणीच नसायचं. वारा असायचा.

हा वारा कोकणात फार. तुम्हीच विचार करा, ज्या मुलखात चैत्रात काजूच्या बोंडांचा चीक बोटांना काळं करतो, वैशाखात रातांबे फोडून कोकमं घातली जातात आणि बायकांचे हात मनगटापर्यंत जांभळट होतात, ज्या मुलखात हळद घरी कुटतात, तिथे नखांचा रंग वाचायचा म्हणजे रंगपंचमीला माणसाचा वर्ण ओळखण्यासारखंच. डॉक्टर नवे होते तेव्हाचा एक किस्सा मी गेल्या गेल्याच मला तिघांनी वेगवेगळ्या वेळी ऐकवला. मे महिन्यात डोंगराकडच्या वाडीवरची एक बाई आली. झरोक्यातून हात आत गेला. दहाही नखं निळीजांभळी.

"डॉक्टरांनू, माजो कान..."

"गप. बोला नको. श्वास लागता?"

"नाय ओ, कान ठणकता..."

"एक शब्द बोला नको, काळजार ताण येतलो!"

गावात तेव्हा एकच अँबॅसिडर होती. डॉक्टरांनी ती थांबवली, बाईला मागच्या सीटवर आडवं केलं आणि स्वतः शेजारी बसून कुडाळपर्यंत तिची नाडी धरली. तिथे एका नर्सने शांतपणे लिंबाची फोड घेऊन तिच्या अंगठ्यावर घासली. निळं हृदय फोडीवर उतरलं. बाई पुढे कितीतरी वर्षं विहिरीवर सांगायची, "कानासाठी गेलंय नि मोटारीत बसान कुडाळ बघून इलंय."

"नि कान गो?"

"कान? कान अजून ठणकता!"

दुसरा कोणी असता तर त्याने नखांचा नाद सोडला असता. डॉक्टरांनी फतवा काढला. गावातल्या प्रत्येक माणसाची डाव्या हाताची करंगळी यापुढे डॉक्टरांची. ती कोकमात बुडवायची नाही, काजूला लावायची नाही, मेंदीत माखायची नाही. बाकीची नऊ बोटं तुमची, काय वाटेल ते करा.

आणि आश्चर्य म्हणजे गावाने हे मानलं! आधी थट्टा म्हणून, मग सवय म्हणून. रातांबे फोडायला बसलेल्या बायका डाव्या करंगळीला चिंधी गुंडाळून बसत. नवरीच्या हातावर मेंदी काढताना एक बोट कोरं ठेवत. माझ्या वर्गातली पोरं भांडताना ओरडत, "तुजी डॉक्टराची करंगळी मोडीन हां!" मीही त्या वर्षी कोकमं घालायला हौसेने बसले, तेव्हा शेजारणीने काही न बोलता माझ्या बोटाला चिंधी बांधली. त्या चिंधीने मी त्या गावची झाले.

डॉक्टरांची आणखी एक तऱ्हा होती आणि ती सगळ्या गावाला पाठ होती. ते बोलायचे मालवणीत. खेकसायचे, शिव्या द्यायचे. "बस रे मेल्या, मरणस नाय इतक्यात" असं म्हणाले की पेशंट हसत घरी जायचा. पण एखाद्याच्या नखाने खरंच कडी वाजवली की डॉक्टर एकदम शुद्ध पुस्तकी मराठीत शिरत. "आपण जरा बसता का?" हे वाक्य त्या झरोक्यातून बाहेर आलं की बाकावरच्या माणसांचं बोलणं थांबायचं. आमच्या शाळेचा शिपाई एकदा किरकोळ खरूज दाखवायला गेला आणि डॉक्टर त्याला म्हणाले, "आपल्याला खोकला केव्हापासून येतो आहे?" शिपाई परत आला तो थेट माझ्या वर्गात. खडू माझ्या हातात तसाच राहिला. "बाई, माजा संपला. डॉक्टर माका 'आपण' म्हणाले."

त्याचं संपलं नाही. औषधं लागू पडली, आणि मी गाव सोडेपर्यंत शाळेची घंटा तोच बडवत होता. पण 'आपण' या शब्दाची त्या गावात जी दहशत होती, ती मी नंतर कुठल्याही फौजदाराचीही पाहिली नाही.

आता या सगळ्या गावात एकच व्यक्ती अशी होती, जिचं एकही नख डॉक्टरांना लग्नानंतर कधी पाहायला मिळालं नव्हतं. त्यांची बायको.

मी त्यांना वहिनी म्हणायची. माहेर विजयदुर्गाकडचं. डॉक्टरांपेक्षा चांगल्या वीतभर उंच, आवाज खणखणीत, नाक असं की नाण्यावर छापावं. परसात विहिरीजवळ त्यांनी मेंदीचं झाड लावलं होतं. पंधरवडा उलटला की त्याचा पाला पाट्यावर वाटायचा आणि दहाही नखांवर, पहिल्या पेरापर्यंत, थापायचा. करंगळीसकट. नखं कायम विटेच्या रंगाची. डॉक्टर सकाळी दवाखान्यात जाता जाता स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणत, "एक तरी नख दी गो. सगळो गाव देता." त्यावर वहिनी त्यांना मेंदीने रंगलेला ठेंगा दाखवत. डॉक्टर मान खाली घालून दवाखान्यात जात. हा रोजचा कार्यक्रम. मला तो बघायला फार आवडे, त्यासाठी मी वेणी दारात उभी राहून घालायची.

एकदा मी विचारलं, "वहिनी, एवढं काय आहे त्या मेंदीत? द्या की एक नख."

वहिनी वाटता वाटता थांबल्या. "माका बघूक इल्ले तेवा काय झाला म्हायत आसा? माजो बापूस म्हणता, गाणा म्हण. आवस म्हणता, चलान दाखव. ह्यांणी काय केला? हात हातात घेतलो, नखां बघली नि म्हणाले, पसंत आसा. थंयसून आजपर्यंत माजा नाक कसा आसा, ता ह्या माणसाक म्हायत नाय!"

मी खळखळून हसले. त्याही हसल्या. मग पाट्यावरचा हिरवा गोळा बोटाने एकत्र करत त्या म्हणाल्या, "लग्नातली मेंदी उतरतली कधी, म्हणान हे बसान होते. नखाची मेंदी धुऊन जाणा नाय, ती नखाबरोबर वाढान भायर जाताली. महिन्यांनी उतराक इली, तशी मी दुसरी घातलंय. बाये, ज्या दिवशी मी नख दाखवीन, त्या दिवशी मी पेशंट जातलंय. गावाक डॉक्टर आसा. माका घोव होयो."

पेशंट व्हायचं नाही, नवरा हवा, हे त्या हसत हसतच म्हणाल्या. पण नंतर वाटताना वरवंटा जरा जोरात फिरत होता.

त्या वर्षीचा पाऊस सरता सरता वहिनी हळू झाल्या. आधी मला कळलंच नाही. विहिरीवरून घागर आणताना त्या मध्ये तुळशीपाशी थांबायच्या आणि तुळशीशी काहीतरी बोलायला लागायच्या. मला वाटलं, भक्ती वाढली. नारळ खवताना अर्ध्यावर विळी बाजूला करायच्या. तांदूळ निवडताना चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकून करकर चावायच्या. मी म्हटलं, "वहिनी, लग्नात पाऊस येईल." त्या म्हणाल्या, "माजा लग्न होऊन झाला, आता येवंदे." पूर्वी त्यांचे गुडघे दुखत, त्याबद्दल त्या सगळ्या आळीला ऐकू जाईल असं कण्हत. ते कण्हणं मात्र बंद झालं होतं. म्हणजे बरं आहे, असंच कोणालाही वाटेल.

आणि डॉक्टर? डॉक्टरांची मान खाली. दिवसभर गावाच्या करंगळ्या, रात्री पुस्तकातली नखं. बायकोची नखं विटेच्या रंगाची, म्हणजे बंद दार.

एका रविवारी मला त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं. भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. आम्ही दोघं पाटावर, वहिनी वाढत होत्या. डॉक्टर एका पेशंटच्या पिवळ्या नखांची कथा सांगत होते आणि मी मधूनमधून "अय्या" म्हणत होते. वहिनींनी पळीने त्यांच्या वाटीत सोलकढी ओतली. ओतताना एक थेंब वहिनींच्याच अंगठ्याच्या नखावर पडला.

विटेच्या रंगावर गुलाबी थेंब. तो तिथेच बसला. त्यांनी पळी भांड्यात ठेवायला हात वळवला, थेंब हलला नाही. मधोमध, एखाद्या इवल्याशा वाटीत ठेवल्यासारखा.

डॉक्टरांची गोष्ट मध्येच तुटली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातला घास ताटात परत गेला होता. रंग झाकता येतो, पण खोल गेलेल्या नखाची वाटी मेंदीखालून बुजत नाही, हे मला नंतर समजलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की एक माणूस सोलकढीच्या एका थेंबाकडे एकटक बघतोय.

मग ते म्हणाले, "आपण जरा बसता का?"

वहिनींच्या हातातून पळी निसटली.

"माका 'आपण' कित्याक म्हणतात?" त्यांचा तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. "अवो, माका भिववू नकात. मालवणीत बोला. शिवी घाला व्हयी तर!"

डॉक्टर उठले. उजवा हात उष्टा, तो त्यांनी पाठीमागे धरला. बायको उंच, हे बुटके, म्हणून टाचा उंचावल्या आणि डाव्या अंगठ्याने तिच्या डोळ्याखालची कड ओढून आत पाहिलं. आत लाल काही नव्हतंच, कागदासारखं पांढरं. मग त्यांनी अंगठा काढला, पण नजर काढली नाही. तिच्या कपाळाकडे पाहिलं, गालांकडे पाहिलं. तो गोरा वर्ण नव्हता, ते फिकटपण होतं, आणि ते तिथे कित्येक महिने, जेवायच्या वेळी रोज त्यांच्या समोर बसून होतं.

वहिनी तशा धीराच्या. त्या म्हणाल्या, "बघलात मा एकदाचा? कसा आसा नाक?"

"नाक बरा आसा गो," डॉक्टर म्हणाले, आणि चष्म्याखालून पाणी घळघळ वाहायला लागलं. "नाक बरा आसा. रगत नाय आसा."

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. आकडा ऐकून डॉक्टर खुर्चीत बसले ते उठेचनात. गावात काही होण्यासारखं नव्हतं, गोव्याला न्यायचं ठरलं. तीच अँबॅसिडर, आता आणखी म्हातारी. वहिनींच्या शेजारी मी, पुढे डॉक्टर, आणि सबंध रस्ताभर ते मागे वळून वळून बायकोच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी वहिनी वैतागल्या. "पुढे बघा ओ. इतकी वर्सा नाय बघलात, आता एका दिवसात काय ता वसूल करतात?"

रक्त द्यायला गावातून टेम्पो भरून माणसं आली. इस्पितळाच्या फाटकात ती ओळीने उभी राहिली आणि कोणी न सांगता सगळ्यांनी डाव्या करंगळ्या पुढे केल्या. मला हसू आवरेना आणि रडूही. डॉक्टर एकेक नख बघत गेले. "तू चल. तूय चल. तू खंय चललंस रे? तुज्याच अंगात रगत नाय, तू कोणाक देतलंस? घराकडे जा नि नाचणी खा." मालवणीत! ते मालवणीत बोलत होते, म्हणजे त्यांचा धीर परतला होता.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "काही गोळ्या घेता का?" वहिनी नाही म्हणाल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग रक्ताची पहिली बाटली चढल्यावर, जरा तरतरी आल्यावर, त्या छताकडे बघत म्हणाल्या, "गुडघ्याच्यो घेय होतंय."

"खंयच्यो?" आमच्या डॉक्टरांनी विचारलं.

"तुमच्याच ड्रावरातल्यो. ते औषध कंपनीचे लोक नमुने देऊन जातत, त्यातल्यो. सकाळ-सांज. रित्या पोटी."

वेदना मारणाऱ्या गोळ्या. त्या पोटाला आतून खात होत्या, आणि थेंब थेंब रक्त महिनोन् महिने कोणाला न दिसता वाहून जात होतं.

"नि माका सांगलस नाय?"

"सांगलंय आसतंय तर तुमी काय म्हणतलात? नख दाखव म्हणतलात."

डॉक्टर बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी बसले. स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "बाई, मी जन्मभर तिच्याकडे नख मागत रवलंय. 'गुडघे कसे आसत गो?' इतक्या इचारूक माका जमला नाय." मग म्हणाले, "कडी वाजाची वाट बघीत बसलंय. आतला माणूस घरातच होता."

गप्प बसण्याची माझी ती आयुष्यातली बहुधा एकमेव वेळ.

वहिनी घरी आल्या. लोहाच्या गोळ्यांनी तोंडाला गंज चढल्याची तक्रार आळीला ऐकू जाईल अशी करू लागल्या, आणि आम्ही सगळे निश्चिंत झालो. डॉक्टरांनी एक सुतार बोलावून दवाखान्याच्या दाराचा झरोका बंद केला. नमुन्याच्या गोळ्यांच्या ड्रॉवरला कुलूप लागलं. आता पेशंटला ते समोर बसवत, तोंडाकडे बघत, "काय होता रे तुका?" असं विचारून तो बोलून संपेपर्यंत थांबत. मग, जरा संकोचून, "करंगळी दाखवतंस?" गावाला हे अजिबात पसंत पडलं नाही. बायका मला विहिरीवर विचारत, "बाई, डॉक्टरांक कायतरी झालाहा काय ओ? आमच्याशी गोड बोलतत." कानवाल्या बाईचा कान मात्र त्याच महिन्यात बरा झाला. तिला म्हणे पहिल्यांदाच कोणी पूर्ण वाक्य बोलू दिलं होतं.

मेंदीचं झाड वाढून कुंपणावर गेलं. पाला कोणी तोडत नव्हतं. "तुमका दाखवूचा म्हणान न्हय हां," वहिनींनी स्पष्ट केलं. "वाटूक ताकद नाय म्हणान."

नखं वाढत राहिली. आधी मुळाशी एक कोर दिसली, शिजलेल्या भातासारखी पांढरट. ती बघून डॉक्टर त्या रात्री देवापाशी जरा जास्त वेळ उभे राहिले. वरची विटेच्या रंगाची जमीन पुढे सरकत गेली, खालून नवी येत गेली. दिवाळी गेली, होळी आली, आणि त्या नव्या जमिनीला हळूहळू रंग चढला. ओल्या शिंपल्याच्या आतल्या बाजूला असतो तसा गुलाबी. खळगाही भरत आला. मी रोज शाळेत जाण्याआधी वहिनींचे हात बघून जायची. मला माझ्या पोरांच्या परीक्षेपेक्षा त्या नखांची जास्त काळजी लागली होती.

शेवटी सगळ्या बोटांची मेंदी कापून झाली, राहिला एक अंगठा. नखं घरात कापायची नाहीत, बाहेरच्या पायरीवर बसून कापायची. वहिनी पायरीवर बसल्या, डॉक्टर त्यांच्या खालच्या पायरीवर, आणि मी वेणीचं निमित्त करून दारात. डॉक्टरांनी कात्रीने अंगठ्याच्या टोकाची लाल कड कापली. ती उडून मोगऱ्यात पडली.

"आता परत लावू?" वहिनी म्हणाल्या.

"लाव. झाडावर पालो खूप झालोहा." मग अगदी हळू, "नऊ लाव. एक..."

"करंगळी?"

"होय."

"ती गावाची. मी काय गाव?" वहिनी फणकारल्या. "सगळ्यांची करंगळी बघतात, ती माजी कित्याक बघतलात?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. वहिनींनी त्याची मजा पुरेशी चाखली आणि मग मूठ वळून त्यांच्या नाकासमोर अंगठा उभा केला. कोरा, गुलाबी, नितळ ठेंगा.

"ह्यो घेवा. पण आधी तोंडाकडे बघूचा, मगे ह्याच्याकडे. उलटा चलाचा नाय."

तेव्हापासून सकाळचा कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. डॉक्टर दवाखान्यात निघाले की वहिनी स्वयंपाकघराच्या दारात यायच्या आणि त्यांना ठेंगा दाखवायच्या. डॉक्टर मान वर करायचे, नवऱ्याने बायकोकडे बघावं तसे बघायचे, मग चष्मा खाली ओढून अंगठ्याकडे, आणि म्हणायचे, "बरा आसा."

"नि नाक?"

"ताव बरा आसा."

त्या सुमारास आमच्या आळीला मासे घेऊन येणारी एक नवी बाई लागली होती. पाटी माझ्या दारात उतरवताना तिने हा प्रकार पाहिला आणि तिचे डोळे विस्फारले. "बाई," ती माझ्या कानाशी लागली, "शिकलेली माणसा ना ही? नि सकाळी उठान ती तेंका ठेंगो दाखयता?"

"रोज," मी गंभीरपणे सांगितलं.

"नि ते गप रवतत?"

"मुकाट्याने बघतात. मग कामाला जातात."

ती डॉक्टरांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहून चुकचुकली. आणि त्या दिवसापासून डॉक्टरांच्या वाट्यात, बिचाऱ्याला घरात सुख नाही म्हणून, ती एक बांगडा न सांगता जास्त टाकू लागली. मी तिचा गैरसमज कधीच दूर केला नाही. बांगडे फार चांगले असत, रविवारी ते माझ्याही पानात पडत, आणि वाढणाऱ्या हाताची नऊ नखं पुन्हा विटेच्या रंगाची झाली होती.